नेमबाजी केंद्रातील एक सकाळ

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चिटणिसांनी मला बोलण्यास सांगितले तेव्हा शिक्षणाविषयी चार शब्द ऐकावयास मिळतील, अशी त्यांची अपेक्षा असावी. चौतीस वर्षे फळ्यावर खडू घासलेल्या मॅट्रिक मास्तराकडे दुसरे असणार तरी काय! परंतु आज मी बंदुकीविषयी बोलणार आहे. गेल्या वर्षी आपल्या कार्यकारिणीपुढे एक अर्ज आला होता. ज्ञातीतील एका होतकरू मुलास नेमबाजीच्या शिक्षणासाठी मंडळाने साहाय्य करावे, असा तो अर्ज. त्यास कडाडून विरोध केला तो मी. 'शस्त्र ते शस्त्रच. मंडळाच्या पैशाने ते मुलांच्या हाती देऊ नये,' असे मी म्हणालो आणि माझ्या वयाचा मान राखून इतरांनी ते मानले. त्या विरोधाचे खरे कारण मी तेव्हा सांगितले नाही. ज्याच्याशी त्या कारणाचा संबंध आहे तो माझा धाकटा बंधू येथे तिसऱ्या रांगेत बसला आहे. त्याची संमती घेऊनच आज बोलतो आहे.

आमचे बालपण खेड्यात गेले. भुईमुगाच्या शेतात वानरांचा फार उपद्रव होई, म्हणून घरातील वडीलधाऱ्यांनी छऱ्याची बंदूक आणली होती. नळी मध्ये मोडून छर्रा बसवावयाचा आणि नळी पुन्हा सरळ करावयाची, अशी तिची रचना. एकदा का ती सरळ केली, की भरलेली बंदूक आणि रिकामी बंदूक बाहेरून अगदी सारखीच दिसते. १९७१ साली मी अकरा वर्षांचा होतो आणि बंधू आठ वर्षांचा. मागील दाराआड टेकवून ठेवलेली ती बंदूक मी उचलली, 'हात वर कर' म्हणून त्याच्यावर रोखली आणि चाप ओढला. बंदूक रिकामी आहे अशी माझी खात्री होती. ती खात्री कशावरून झाली होती, हे मला आजतागायत सांगता आलेले नाही. त्याचा डावा डोळा कायमचा गेला. 'खेळताना काठी लागली,' असे घरच्यांनी गावात सांगितले आणि आम्ही दोघांनीही पुढे पन्नासहून अधिक वर्षे तेच सांगितले. आपल्यापैकी पुष्कळांनी ते ऐकले आहे.

असो. यंदा माझ्या तेरा वर्षांच्या नातीने नेमबाजी शिकण्याचा हट्ट धरला. मी नकार दिला. तिने वाद घातला नाही. 'आजोबा, एकदा येऊन पाहा, मग नाही म्हणा,' एवढेच म्हणाली. विद्यार्थ्यांना जन्मभर 'आधी पाहा, मग उत्तर लिहा' असे सांगत आलेल्या माणसाची त्यावर पंचाईत झाली. एका रविवारी सकाळी तिच्याबरोबर शहरातील एका सार्वजनिक नेमबाजी केंद्रात गेलो. शुल्क भरून, प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली, नवख्या माणसासही तेथे हवेच्या दाबावर चालणारी रायफल चालविता येते.

धडाडधूम आवाज, आरडाओरडा असे काहीसे मला अपेक्षित होते. प्रत्यक्षात परीक्षेच्या वर्गासारखी शांतता होती. आत शिरण्यापूर्वीच प्रशिक्षिका बाईंनी आम्हांस थांबविले आणि नियम वाचून दाखविले. माझ्याकडून ते म्हणवूनही घेतले. मुलांकडून पाढे म्हणवून घेणाऱ्यावर ही पाळी आली! नळीचे तोंड सदैव लक्ष्याकडे. दुसरीकडे क्षणभरही नाही. नेम धरेपर्यंत बोट चापावर जाता कामा नये. 'लोड' असा हुकूम झाल्याखेरीज छर्रा भरावयाचा नाही. 'स्टॉप' हा शब्द ऐकताच, मग तो कोणीही उच्चारलेला असो, हातातील काम तेथेच टाकावयाचे. रेषेच्या पुढे एक जरी माणूस गेला असेल, तरी मागील कोणीही बंदुकीस हात लावावयाचा नाही. डोळ्यांवर संरक्षक चष्मा. छर्रे शिशाचे असतात, म्हणून निघताना हात साबणाने धुवावयाचे. त्यापूर्वी तोंडात काही घालावयाचे नाही.

आणि या सर्वांच्या आधीचा नियम असा, की प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असे समजावे. 'मला ठाऊक आहे, रिकामी आहे' हे वाक्य येथे चालत नाही, असे बाई हसून म्हणाल्या. मला हसता आले नाही.

मेजावर ठेवलेल्या प्रत्येक रायफलीतून एक भडक नारिंगी दोरी काढलेली होती. मागे, जेथे छर्रा भरतात तेथून आत शिरून ती नळीच्या तोंडातून बाहेर आलेली. नळीत छर्रा अडकलेला असेल तर दोरी पार जाणारच नाही. म्हणजे दोन्ही टोके दिसली, की बंदूक रिकामी आहे हे खोलीच्या दुसऱ्या टोकावरील माणसासही कळते. कोणाच्या शब्दावर, आठवणीवर वा खात्रीवर काहीच अवलंबून ठेवलेले नाही. आंतरराष्ट्रीय स्पर्धांतही हीच पद्धत आहे. ती दोरी हातात घेऊन मी बराच वेळ उभा होतो. नात पाण्याची बाटली घेऊन आली, तिला वाटले आजोबांना चक्कर आली.

पुढे मीही दहा छर्रे सोडले. लक्ष्य दहा मीटरांवर असते आणि त्याच्या मध्यावर दहा गुणांचा जो ठिपका आहे त्याचा व्यास अवघा अर्धा मिलिमीटर! वहीतील पूर्णविरामही त्याहून मोठा असतो. स्पर्धेत असे साठ नेम सव्वा तासात साधावयाचे असतात. श्वास आवरावा लागतो. हृदयाचे ठोकेसुद्धा नळीवर उमटतात. आडदांड माणसाचे हे काम नव्हे. माझे गुण येथे सांगत नाही.

आपल्या घरांना हा खेळ परका वाटतो, त्यास इतिहासही कारण आहे. १८७८ च्या कायद्याने इंग्रजांनी या देशातील सामान्य माणसाच्या हातून शस्त्र काढून घेतले. स्वतंत्र भारताचा शस्त्र अधिनियम १९५९ चा. मधल्या काळात बंदूक म्हणजे एक तर पोलीस, नाही तर दरोडेखोर, एवढेच आपणांस ठाऊक राहिले. आता मात्र चित्र पालटले आहे. अंजली भागवत २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोहोचल्या. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिच येथे विश्वविजेत्या झाल्या. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळविले. गुडघा टेकून, पालथे पडून आणि उभे राहून अशा तिन्ही स्थितींत नेम साधून त्यांनी ४५१.४ गुण केले. खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीस कुस्तीत मिळविलेल्या पदकाची त्या दिवशी सर्वांस आठवण झाली.

घरी आल्यावर मी बंधूस दूरध्वनी केला आणि नारिंगी दोरीची हकीकत सांगितली. तो थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, 'दादा, पुढल्या रविवारी मी येतो.' खरोखरच आला. सर्व नियम निमूटपणे ऐकले, म्हणून दाखविले. नेम एका डोळ्याने धरावयाचा असतो आणि नवख्यास दुसरा डोळा मिटून ठेवण्याचा फार त्रास होतो, असे बाईंनी सांगितले, तेव्हा तो म्हणाला, 'माझी ती सोय दादाने लहानपणीच करून ठेवली आहे.' बाईंना अर्थातच काही उमगले नाही. नातीला मात्र त्या दिवशी प्रथमच सारे सांगितले, आम्ही दोघांनी मिळून. बंधूचे गुण माझ्याहून सतराने अधिक भरले, हे त्याच्या आग्रहावरून नमूद करतो.

कार्यकारिणीपुढे गेल्या वर्षी आलेला तो अर्ज पुन्हा विचारार्थ घ्यावा आणि माझा विरोध मागे घेतल्याची नोंद व्हावी, अशी मी अध्यक्षमहाराजांस विनंती करतो. ज्यांच्या घरी वा शेतावर जुनी छऱ्याची बंदूक असेल, त्यांनी ती आजच कुलपात ठेवावी. छर्रे निराळ्या कुलपात. आणि ज्या पालकांना मुलांसह केंद्र पाहावयाचे असेल त्यांनी चिटणिसांकडे नावे द्यावीत. मी बरोबर येईन. पायांत पूर्ण बूट असावेत. चपला घालून आलेल्यास बाई आत सोडीत नाहीत.