मे महिन्यातले दहा दिवस



मार्केट यार्डातल्या दहावी-बारावीच्या मुलांसाठी आपण मे महिन्यात दहा दिवसांचं शिबिर घेतोय. गणिताचे तास त्यात नकोत, ते क्लासवाले घेतातच. आपली मुलं अडकतात ती कागदांत. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, नॉन-क्रिमीलेअर हे सगळं निकालानंतर काढायला गेलं, की सेतू केंद्रापुढे रांगच रांग. जातवैधतेला तर कित्येक महिने जातात.

आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना २०२४-२५ पासून इंजिनिअरिंगसारख्या अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क शंभर टक्के माफ आहे. पण हमालाच्या घरी ही बातमी पोचलीच नाही, तर मुलगी फीच्या धास्तीने अर्जच भरत नाही. दहावीनंतर डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, हेही किती जणांना ठाऊक असतं?

म्हणून पहिली सभा पालकांची. ती शनिवारी, बाजार बंद असतो तेव्हा. एरवी पहाटेपासून गाड्या खाली करणारा बाप दुपारी सभेत बसून झोपेल, आणि त्यात त्याचं काहीच चुकणार नाही.

प्रेरणादायी भाषणं देणारे माझ्याकडे पुष्कळ आहेत! अर्ज भरून देणारे हवेत. लॅपटॉप मी आणते. तहसील कचेरीची ज्यांना सवय आहे, त्यांनी जेवणाआधी माझ्या वहीत नाव लिहा.