पाण्याची पाळी आणि मिरचीचे सत्त्व



सातपुड्याच्या पायथ्याशी, जेथे हिवाळ्यात पथाऱ्यांवर वाळत पडलेल्या मिरचीने गावाबाहेरची जमीन लांबवर लाल होऊन जाते, त्या नंदुरबार नगरीत स्वागतसमितीच्या वतीने मी आपणा निमंत्रित शास्त्रज्ञांचे आणि शेतकरी बंधुभगिनींचे अंतःकरणपूर्वक स्वागत करतो.

जलसंपदा विभागाच्या दप्तरी पाण्याचा हिशेब बहुधा भिजलेल्या क्षेत्रावर मांडला जातो आणि बाजाराच्या आवारात मालाचा हिशेब क्विंटलांवर होतो. परंतु त्या पाण्याने फळात सत्त्व किती उतरले, ह्याला कोणत्याही दप्तरात रकाना नाही, ही माझी फार दिवसांची खंत आहे. हे सत्त्व क्षुल्लक नव्हे: हंगेरीतील सेगेद येथे 1932 च्या सुमारास शास्त्रज्ञ आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी ह्यांना ‘क’ जीवनसत्त्वाचा विपुल साठा सापडला तो तेथील शेतांत पिकणाऱ्या मिरचीतच, आणि 1937 मध्ये नोबेल पारितोषिकाने गौरविल्या गेलेल्या त्यांच्या संशोधनाला हे सामान्य फळ मोठे साहाय्यभूत झाले.

मिरचीची मुळे उथळ असल्यामुळे फुलोऱ्यात नि फळधारणेत पाण्याची पाळी चुकली तर फुले गळतात, आणि पाण्याच्या प्रवाहाबरोबरच वर चढणारे कॅल्शियम कोवळ्या फळापर्यंत न पोहोचल्याने, विशेषतः भोपळी मिरचीचे, टोक सडते. म्हणून त्या काळात पाण्याची काटकसर करणे हा निव्वळ आत्मघात होय. मात्र फळे पोसून रंग धरू लागल्यावर पाणी बेताने आवरले, तर फळ आकाराने काहीसे लहान राहिले तरी त्यातील घन अंश वाढतो, आणि ‘क’ जीवनसत्त्व व रंगद्रव्ये ह्यांचे वजनामागील प्रमाणही चढते, असा अनुभव अनेक प्रयोगांत आला आहे. पुष्कळ वाणांत तिखटपणाही वाढतो. सर्व वाणांना आणि सर्व जमिनींना हा नियम सरसकट लागू नाही, आणि एकरी उतारा घटल्यास ती तूट कोणी सोसावयाची, हा प्रश्न मला प्रयोगशाळेतील प्रश्नांहून कमी महत्त्वाचा वाटत नाही. उन्हात वाळताना ‘क’ जीवनसत्त्वाचा बराच अंश नाहीसा होतो, हेही विसरता येत नाही.

निबंधवाचनानंतर आपणांस पथाऱ्यांवर नेण्याची व्यवस्था केली आहे. तेथील मिरची हातात घ्यावी, आणि तिला शेवटचे पाणी केव्हा दिले होते, हे ती पिकविणाऱ्यालाच विचारावे, अशी माझी विनंती आहे.