आभार आणि हक्क

व्यासपीठावरील मान्यवर, मुख्याध्यापिका बाई, शिक्षकवृंद, पालक आणि पडद्यामागे दाढीमिशा चिकटवून ताटकळलेल्या मावळ्यांनो,

तुमचा पोवाडा माझ्या भाषणानंतर आहे, त्यामुळे आटोपशीर बोलते. आणि पाहुणी मी आजच्यापुरतीच. एरवी रोज फाटकाशी उभी असते. माझा मुलगा याच शाळेत पहिलीत आहे.

त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. जन्माच्या सुमारास मेंदूला इजा झाली. ती इजा वाढत नाही, पण भरूनही येत नाही. बुद्धी तल्लख, पाय मात्र ताठ. भेटणारी माणसं हमखास म्हणतात, ‘देव अशी मुलं निवडक आईबापांच्याच पदरात घालतो.’ हेतू चांगला असतो, पण आमची निवडबिवड काही झालेली नाही. त्याच्या ताठ पायांबद्दल मी कुणाचीही ऋणी नाही.

ऋणी आहे ती माणसांची. त्याच्या पायात स्प्लिंट चढवण्याआधी मोजा नीट ताणून घ्यावा लागतो. एक सुरकुती राहिली, तरी दुपारपर्यंत तिथे लाल वळ उठतो. मग टाच मागे टेकवायची, आधी घोट्याचा पट्टा, नंतर पोटरीचा. मधल्या सुट्टीत हे काम शाळेतल्या मावशी करतात. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. बघून बघून शिकल्या. ‘पाय ढिला सोड की राजा, मी काय पळवून नेतेय का तुला!’ असं दटावतातही. संध्याकाळी मी मोजा काढते, तेव्हा पाय स्वच्छ असतो.

आणि त्याच्या वर्गातली मुलं! सुरुवातीला त्याचा वॉकर कुणी धरायचा यावरून मारामारी. आता ते कौतुक सरलंय. आता ती त्याला कबड्डीचा पंच करतात आणि निकाल पटला नाही की त्याच्याशी कडाकडा भांडतात. दयेपेक्षा मला हे भांडण फार आवडतं.

प्रवेश दिल्याबद्दल मात्र मी शाळेचे आभार मानणार नाही. बाई हसताहेत, कारण ‘आभार कसले, हक्क आहे त्याचा,’ हे त्यांचंच वाक्य. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार 40 टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकता येतं. मिथू अलूर यांच्या मुलीला, मालिनीला, हीच सेरेब्रल पाल्सी. तिच्यासारख्या मुलांसाठी त्यांनी 1972 मध्ये मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी सुरू केली. माझ्या हाताशी निदान कायदा आहे. त्यांच्या हाताशी तोही नव्हता. मालिनी चिब पुढे लंडनला जाऊन शिकल्या, त्यांनी आत्मचरित्र लिहिलं. त्या मायलेकींचे उपकार मी मानते.

पण कायद्याने शाळेचं दार उघडतं, वाढदिवसाचं आमंत्रण येत नाही. ते, पालकहो, तुमच्या हातात आहे. ‘त्याला जमेल का, उगाच त्रास नको,’ म्हणून एखाद्या मुलाचं नाव परस्पर गाळू नका. घर तिसऱ्या मजल्यावर असेल, तर फोनवर तेवढं सांगा. वर कसं न्यायचं ते आम्ही बघू. आणि आमंत्रण जरा आधी द्या. भेटवस्तू तो स्वतः निवडतो, आणि त्याला फार वेळ लागतो.