छातीचा फोटो कोणाच्या हातात?



मला आज तपासणीवर बोलायचं आहे. आजारी माणसाच्या तपासणीवर नाही. जो अजून धडधाकट दिसतो, रोज डबा घेऊन कामाला जातो, पण ज्यानं वर्षानुवर्षं धुळीत, आम्लाच्या वाफेत किंवा किरणोत्सारी दगडात काम केलं आहे, त्याच्या तपासणीवर. या विषयाला मरोळइतकी योग्य जागा मुंबईत क्वचितच सापडेल. एमआयडीसीचे गाळे, सीप्झचं फाटक आणि कामगार विमा योजनेचं रुग्णालय, तिन्ही इथं हाकेच्या अंतरावर आहेत. माणूस जिथं आजार कमावतो ती जागा आणि जिथं तो आजार कागदावर यायला हवा ती जागा यांच्यात मरोळला दहा-पंधरा मिनिटांची चाल आहे. तरीही हा रस्ता पार करताना कामगारांचं सबंध आयुष्य निघून जातं. असं का होतं, हेच मला सांगायचं आहे.

सुरुवात घाटकोपरपासून करतो. घाटकोपरच्या जुन्या लोकांना ‘फेरोडो’ हे नाव आठवत असेल. हिंदुस्तान फेरोडो, पुढं हिंदुस्तान कंपोझिट्स. गाड्यांच्या ब्रेकची लायनिंग, क्लचचे भाग असा माल तिथं व्हायचा, आणि त्यासाठी अ‍ॅस्बेस्टॉस लागायचा. फेरोडो हे इंग्लंडमधल्या टर्नर अँड न्यूऑल या समूहातल्या कंपनीचं नाव. त्या समूहाचा पाया असलेल्या टर्नर ब्रदर्सच्या रॉचडेल गावातल्या कारखान्यात नेली केरशॉ नावाची कामगार स्त्री अ‍ॅस्बेस्टॉसचं सूत कातायची. १९२४ साली, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, ती फुफ्फुसं निकामी होऊन वारली. डॉ. कुक यांनी तिच्या फुफ्फुसांचं वर्णन त्याच वर्षी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापलं. कंपनीनं तिच्या कुटुंबाला भरपाई नाकारली. सरकारी डॉक्टर मेरवेदर आणि अभियंता प्राइस यांनी अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांची रीतसर पाहणी करून १९३० साली अहवाल दिला आणि १९३१ साली ब्रिटनमध्ये धुळीवर नियंत्रणाचे नियम झाले. हा इतिहास मी मुद्दाम सांगतो आहे. आपल्याकडं अ‍ॅस्बेस्टॉसचे कारखाने भरभराटीला आले, तेव्हा ही धूळ काय करते हे जगाला ठाऊक होऊन दशकं लोटली होती. आपल्या कामगाराला मात्र ते कोणी सांगितलं नव्हतं.

अ‍ॅस्बेस्टॉसचा तंतू डोळ्यांना दिसत नाही. तो श्वासाबरोबर आत जातो आणि फुफ्फुसाच्या तळाशी अडकून राहतो. शरीराला तो विरघळवता येत नाही, म्हणून त्याच्याभोवती व्रण धरत जातो आणि फुफ्फुस ताठर होतं. आधी जिना चढताना दम लागतो, मग सपाटीवर, मग बोलतानाही. याला दहा, वीस, कधी तीस वर्षं लागतात. फुफ्फुसाच्या आवरणाचा कर्करोग, मेसोथेलिओमा, तर तीस-चाळीस वर्षांनीही उद्भवतो. तोवर माणूस निवृत्त झालेला असतो, गावी गेलेला असतो, त्याचं विम्याचं कार्ड बंद पडलेलं असतं. आणि गावातला डॉक्टर त्याला क्षयाच्या गोळ्या देत असतो.

मुंबईत या गोष्टीचा पाठपुरावा करणारी माणसं होती आणि आहेत. ऑक्युपेशनल हेल्थ अँड सेफ्टी सेंटर ही संस्था, शीवच्या रुग्णालयातले डॉ. व्ही. मुरलीधर, कामगारांमध्ये काम करणारे विजय कान्हेरे. गिरणी कामगारांचा बिसिनोसिस हा कापसाच्या धुळीचा आजार त्यांनी तपासला. त्यावरचा निबंध १९९५ साली नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडियामध्ये आला. या आजाराची खूण अशी की सुटीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते. हे कामगाराला नेमकं सांगता येतं, पण त्याला तसं विचारावं लागतं. पुढं २००५ साली मुरलीधर आणि कान्हेरे यांनी मुंबईतल्या एका अ‍ॅस्बेस्टॉस कंपोझिट गिरणीतल्या कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कायम नोकरीतल्या २३२ कामगारांपैकी १८१ जण तपासणीला आले. त्यांतल्या २२ टक्क्यांना अ‍ॅस्बेस्टॉसिस निघाला. म्हणजे पाचांत एकाहून जास्त. त्याच निबंधाच्या सुरुवातीला लेखकांनी आणखी एक आकडा दिला आहे. देशात अ‍ॅस्बेस्टॉसशी संबंध आलेले कामगार अंदाजे एक लाख, आणि भरपाई मिळालेले तीसपेक्षाही कमी. त्याची कारणंही त्यांनी लिहून ठेवली आहेत: व्यवस्थापनाच्या पैशावर झालेल्या तपासण्यांत कामगाराला आजाराचा दाखला न देणं, डॉक्टरांना या आजारांचं प्रशिक्षण नसणं, आणि छातीच्या फोटोचा व फुंकून करायच्या चाचणीचा जाणूनबुजून चुकीचा अर्थ लावणं.

यातलं तिसरं कारण पुन्हा वाचण्यासारखं आहे. तपासणी झालीच नाही, असं ते म्हणत नाहीत. तपासणी झाली, फोटो निघाला, फायलीत गेला, आणि कामगाराला सांगितलं, ‘काही नाही, ठीक आहे.’

आता जरा लांब जातो. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात नवाहो या आदिवासी राष्ट्राची भूमी आहे. १९४४ ते १९८६ या काळात तिथून अंदाजे तीन कोटी टन युरेनियमचं खनिज काढलं गेलं. पाचशेहून जास्त खाणी सोडून दिलेल्या अवस्थेत मागं राहिल्या. नवाहो पुरुष त्या खाणींत उतरले. हवा खेळती नव्हती, आणि खडकातून निघणारा रेडॉन वायू फुफ्फुसात जात होता. खाणीतले दगड काहींनी घरं बांधायला वापरले. धुळीनं माखलेले कपडे बायकांनी घरी धुतले. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य खात्यानं १९५० पासून या खाण कामगारांची वैद्यकीय पाहणी केली. रक्त तपासलं, लघवी तपासली, छातीचे फोटो काढले. पण खाणमालकांनी प्रवेश द्यावा म्हणून कामगारांना धोका सांगायचा नाही, अशी तडजोड त्या पाहणीत होती. अभ्यासाचे निष्कर्ष शास्त्रज्ञांपर्यंत पोचत राहिले आणि ज्यांची फुफ्फुसं तपासली ती माणसं दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच बोगद्यात उतरत राहिली. माझ्या मते विसाव्या शतकातल्या वैद्यकीय संशोधनावरचा हा मोठा कलंक आहे. पुढं मेलेल्या खाण कामगारांच्या विधवा एकत्र आल्या, माजी मंत्री स्ट्यूअर्ट यूडॉल त्यांचे वकील झाले, आणि १९९० साली किरणोत्सर्ग भरपाईचा कायदा झाला. पात्र खाण कामगाराला एक लाख डॉलर. खनिज दळणाऱ्या आणि वाहून नेणाऱ्या कामगारांना त्यात यायला आणखी दहा वर्षं लागली. २०२४ च्या जूनमध्ये त्या कायद्याची मुदत संपली आणि वर्षभरानं, जुलै २०२५ मध्ये, तो पुन्हा चालू झाला. दरम्यान काही म्हातारे अर्ज हातात घेऊनच गेले असतील.

नवाहो लोकांनी पुढं आग्रह धरला तो वेगळ्या तपासणीचा. २०१० पासून तिथं गरोदर स्त्रिया आणि नवजात बाळांचा जो मोठा अभ्यास चालू झाला, त्यात नवाहो भाषा बोलणाऱ्या आरोग्य कार्यकर्त्या घरोघरी जातात. तपासलेल्या ७८१ स्त्रियांपैकी सुमारे एक चतुर्थांश स्त्रियांच्या शरीरात युरेनियमचं प्रमाण देशातल्या सर्वाधिक पाच टक्क्यांच्या पातळीहूनही वर होतं. खाणी बंद होऊन तीन दशकं झाल्यावरची ही गोष्ट.

आपल्या देशातही अशी उदाहरणं आहेत. महादेवभाई देसाईंची नात डॉ. संघमित्रा आणि त्यांचे पती सुरेंद्र गाडेकर यांनी १९९१ साली राजस्थानात रावतभाटाच्या अणुवीज केंद्राजवळच्या गावांची आरोग्य पाहणी केली, पुढं झारखंडात जादूगोड्याच्या युरेनियम खाणींभोवतीच्या गावांतही ती केली. त्यांची पद्धत मला फार महत्त्वाची वाटते. जवळची गावं आणि दूरची गावं, दोन्हीकडं तेच प्रश्न विचारायचे. तुलनेला दुसरं गाव नसेल तर पहिल्या गावाची तक्रार कोणीही ‘गरिबीमुळं’ म्हणून उडवून लावू शकतो.

आता मरोळ. इथं युरेनियम नाही, आणि मी कोणाला भीती घालायला आलेलो नाही. पण दागिन्यांच्या कास्टिंगमध्ये साचा ज्या पावडरीचा करतात तिच्यात सिलिका असते. साचा फोडताना तिचा धुरळा उडतो. क्रोम प्लेटिंगच्या टाकीवरून उठणारी वाफ नाकाच्या मधल्या पडद्याला भोक पाडते. हे बघायला मोठं यंत्र लागत नाही, साधा टॉर्च पुरतो. तुमच्या-आमच्या घरात हल्ली जो चकचकीत कृत्रिम क्वार्ट्‌झचा ओटा बसतो, तो ग्राइंडरनं कोरडा कापताना उडणारी धूळ इतकी घातक ठरली की ऑस्ट्रेलियानं १ जुलै २०२४ पासून या दगडावर बंदीच घातली. आपल्याकडं तो कापणारा पोरगा तोंडाला रुमाल बांधून बसतो. रुमालातून ती धूळ आरामात आत जाते. प्रेसवर, हातोड्याच्या आवाजात काम करणाऱ्यांचे कान जातात. आवाजानं येणारा बहिरेपणा कामगार विमा कायद्यात १९४८ पासून भरपाईस पात्र आहे. देशातली पहिली भरपाई मिळाली १९९६ साली. अठ्ठेचाळीस वर्षं कायद्यात एक ओळ होती आणि तिच्याखाली एकाही माणसाचं नाव नव्हतं.

कायदा नाही असं नाही. भोपाळ दुर्घटनेनंतर, कारखाने कायद्याच्या १९८७ च्या दुरुस्तीनं, धोक्याच्या प्रक्रियेत काम करणाऱ्याला स्वतःची आरोग्य नोंद पाहण्याचा हक्क मिळाला. अहमदाबादच्या ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्राच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं २७ जानेवारी १९९५ रोजी निकाल दिला. कामगाराचं आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि अ‍ॅस्बेस्टॉस कामगाराची नोंद नोकरी लागल्यापासून चाळीस वर्षं किंवा नोकरी सुटल्यावर पंधरा वर्षं, यांतली जी मुदत नंतर संपेल तोवर जपायची, असं त्यात सांगितलं आहे. न्यायालयाला रोगाची संथ चाल कळली होती. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी कामगार संहिता लागू झाली. तिच्यात वर्षातून एकदा मोफत तपासणीची तरतूद आहे, याचं मी मनापासून स्वागत करतो. पण त्याच संहितेनं, विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठीची मर्यादा दहा कामगारांवरून वीसवर नेली. मरोळच्या किती गाळ्यांत वीस माणसं असतात? बारा-पंधरा माणसांचा प्लेटिंगचा गाळा आता ‘कारखाना’च राहिला नाही. कामगार विम्याची पगाराची मर्यादाही २०१७ पासून एकवीस हजारांवरच आहे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, की तपासणी किती जणांची झाली हा आकडा मला महत्त्वाचा वाटत नाही. तपासलेल्या माणसाच्या हातात काय पडलं, हे मी आधी विचारतो. शिबिरं आपल्याकडं उदंड होतात. मंडप, रक्तदाब, साखर, चष्मा, फोटो, आभार. त्यात कोणी विचारत नाही, ‘तुम्ही काम काय करता? आधी कुठं होता? काय उडायचं, कसला वास यायचा, किती वर्षं?’ धुळीच्या आजारांत या प्रश्नांशिवाय एक्स-रेला अर्थ नाही; आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या प्रमाण फिल्मशी ताडून वाचलेला फोटो आणि कामाचा इतिहास, दोन्ही मिळून निदान होतं. हे प्रश्न विचारायला डॉक्टरच हवा असं नाही. वस्तीतली आशाताई, युनियनचा कार्यकर्ता, महाविद्यालयातली मुलं हे काम उत्तम करतील. मात्र तपासणी मालकाच्या पैशावर आणि मालकाच्या आवारात नको. आणि ज्याच्यात दोष निघेल त्याला पुढं कुठं न्यायचं, विमा योजनेच्या वैद्यकीय मंडळापुढं त्याची केस कोण मांडणार, हे शिबिराच्या आधी ठरलेलं हवं. ते ठरलं नसेल तर शिबिर घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कारण आजार कळला आणि काहीच करता आलं नाही, तर त्या कामगाराची नोकरी तेवढी जाते.

या व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे. पुढच्या वर्षी व्याख्यानाऐवजी, किंवा व्याख्यानाबरोबर, मरोळच्या निवृत्त कामगारांची एक वही करा. नाव, कोणत्या कारखान्यात, कोणत्या खात्यात, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, कशाशी संबंध आला. जे गावी गेले त्यांना फोन करा. घरात कपडे धुणाऱ्या बायकांची नावंही त्यात लिहा. वही त्या माणसांच्या संमतीनं आणि त्यांच्याच ताब्यात राहू द्या. आणि इथं बसलेल्या प्रत्येक कामगारानं आणि कामगाराच्या मुला-मुलींनी आज घरी गेल्यावर एक काम करावं. जुना छातीचा फोटो, पगाराच्या पावत्या, विम्याचं कार्ड, ओळखपत्र जे सापडेल ते एका पिशवीत एकत्र ठेवावं. आणि यापुढं कंपनीच्या डॉक्टरनं तपासलं, तर रिपोर्टची प्रत मागितल्याशिवाय खुर्चीवरून उठू नये.