लांकडाला मेणाचा हात

पुष्कळ घरांतून आजोबांच्या वेळचें एखादें सागवानी मेज अद्याप वापरांत असतें. वर्षानुवर्षें हात फिरून त्याच्या कडा मऊ झालेल्या असतात आणि रंग गडद झालेला असतो. झळाळी मात्र गेलेली असते. दिवाळीच्या सुमारास घरांतील एखादा उत्साही तरुण काचकागद घेऊन तें घासावयास बसतो. दोन तासांत लांकूड कोरें दिसूं लागतें खरें. परंतु पन्नास वर्षांत चढलेला रंग भुशाबरोबर निघून जातो, आणि तो बाजारांत विकत मिळत नाहीं. अशा मेजाला बहुधा हवें असतें तें इतकेंच, कीं वरचा मळ पुसावा आणि मेणाचा एक पातळ हात द्यावा. हें मेण घरीं तयार करतां येतें.

या कामीं मुख्य द्रव्यें दोनच: मधमाशीचें मेण व टर्पेंटाइन. मेण कामकरी माशीच्या पोटाखालील ग्रंथींतून पाझरतें. मध काढल्यावर उरलेलें पोळें पाण्यांत उकळून फडक्यानें गाळलें, म्हणजे थंड झाल्यावर मेणाची वडी पाण्यावर तरंगते. टर्पेंटाइन चीड जातीच्या वृक्षांच्या चिकापासून काढतात. मेण त्यांत विरघळतें, आणि लेप दिल्यावर टर्पेंटाइन उडून जाऊन मेण मागें राहतें.

मधमाशीचें मेण सुमारें ६३ अंश सेल्सिअसला वितळतें. परंतु त्याच्या पुष्कळ आधींच तें मऊ पडतें. त्यामुळें वैशाखांत नुसत्या अशा मेणाचा लेप हाताला चिकटतो व धूळ धरतो. यास्तव त्यांत थोडें कार्नोबा मेण मिसळावें. ईशान्य ब्राझीलमधील एका ताडवर्गीय वृक्षाच्या पानांवर मिळणारें हें मेण ८० अंशांच्या वरच वितळतें, व त्याला झळाळीही अधिक असते. मात्र तें फार झालें तर लेप ठिसूळ होतो आणि घासतांना हात भरून येतात. ८० ग्रॅम मधमाशीचें मेण, २० ग्रॅम कार्नोबा व ३०० मिलिलिटर टर्पेंटाइन हें प्रमाण घरगुती कामास योग्य होय.

कृति सोपी आहे, पण निष्काळजीपणास तींत जागा नाहीं. मेण प्रत्यक्ष जाळावर कधींही ठेवूं नये. मोठ्या पातेल्यांत पाणी उकळत ठेवावें व त्यांत दुसरें भांडें ठेवून मेण वितळवावें. हें भांडें स्टेनलेस पोलादाचें असावें. लोखंडांत मेण काळवंडतें, तांब्यांत हिरवट होतें. मेण वितळल्यावर दोन्हीं भांडीं उचलून जेथें चूल, शेगडी वा दिवा पेटलेला नाहीं अशा मोकळ्या जागीं न्यावीं, आणि मगच टर्पेंटाइन हळूहळू ओतून ढवळावें. टर्पेंटाइनची वाफ थोड्या उष्णतेनेंही पेट घेते. गुठळ्या झाल्यास भांडें पुन्हां चुलीवर न चढवितां त्याच गरम पाण्यांत ठेवावें. थंड झाल्यावर लोण्यासारखें मेण तयार होतें; तें घट्ट झांकणाच्या डब्यांत भरावें.

मेण लावतांना सर्वांत मोठी चूक होते ती हात सैल सोडण्याची. जाड थर चकाकत नाहीं. तो मळ धरतो. फडक्यावर थोडेंसें मेण घेऊन तें लांकडांत जिरेल असें चोळावें व शेवटचा हात रेषांच्या दिशेनें फिरवावा. सुमारें अर्ध्या तासानें स्वच्छ मऊ फडक्यानें घासावें, व हवा असल्यास दुसरा हात दुसऱ्या दिवशीं द्यावा. थर जाड झालाच, तर टर्पेंटाइनच्या फडक्यानें तो पुसून निघतो. वापरलेलीं फडकीं चुरगाळून कोपऱ्यांत टाकूं नयेत. तीं उघड्यावर पसरून वाळवावीं. अळशीच्या तेलाच्या फडक्यांविषयीं तर विशेष जपावें. तें तेल सुकतांना उष्णता उत्पन्न होते, आणि अशा फडक्यांचा ढीग काडी न लावतांही पेटतो.

मेणाकडून अवास्तव अपेक्षा करूं नये. गरम चहाच्या पेल्याचा डाग तें थोपवीत नाहीं, आणि पाणी सांचून राहिल्यास फार वेळ टिकाव धरीत नाहीं. जेवणाच्या मेजाला तें पुरेसें नव्हे. शिवाय एकदां मेण मुरल्यावर त्यावर व्हार्निश नीट धरत नाहीं. म्हणून तो विचार आधींच करावा. लाखेच्या पॉलिशावर मात्र मेणाचा हात शोभून दिसतो.

हा लेप टिकाऊ नाहीं. वर्षांतून एकदां, बहुधा पावसाळा सरल्यावर, तो पुन्हां द्यावा लागतो. हें उणेंच खरें. परंतु त्याचा एक लाभही आहे. घासतां घासतां सैल झालेला सांधा हाताला लागतो आणि मागच्या पायाशीं वाळवीनें धरलेली पहिली माती नजरेस पडते. त्या वेळीं उपाय सोपा असतो. अनेक जुनीं मेजें नातवंडांपर्यंत पोहोंचतात तीं अशा वार्षिक हातामुळेंच.