लेखणीचे कायक
(गुरुजींच्या स्मृतिव्याख्यानमालेत मुडबी येथे दिलेल्या भाषणाचा पाठ)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण आज एकत्र आलो आहोत, त्यांच्यासमोर मी उभा राहात असे तो शुद्धलेखनाची वही हाती घेऊन. आज हातात भाषणाचे कागद आहेत, एवढाच काय तो फरक. छातीतली धडधड तीच आहे.

‘लेखन : साधना आणि उपजीविका’ हा विषय संयोजकांनी मला दिला. नोकरी न करता केवळ लेखणीच्या आधारे संसार करण्याचा प्रयत्न मी आयुष्यभर केला. तो कितपत साधला, हे माझ्या घरची मंडळी अधिक प्रामाणिकपणे सांगतील. परंतु या वाटेवर जे खाचखळगे लागले, ते मागून येणाऱ्यांना दाखवणे हे माझे कर्तव्य आहे.

पुष्कळांना वाटते की, लेखक व्हायचे तर पुण्या-मुंबईस जावे. मुडबीसारख्या सीमेवरच्या गावी काय आहे? मित्रहो, नऊशे वर्षांपूर्वी प्रवास नेमका उलट दिशेने होत होता. काश्मीरमधील बिल्हण नावाचा कवी घर सोडून निघाला. मथुरा, कनोज, प्रयाग, काशी असे करीत, अनेक राजसभांतून फिरत अखेरीस तो आपल्या शेजारच्या कल्याणास आला. चालुक्य सम्राट सहावा विक्रमादित्य याने त्यास ‘विद्यापती’ हे पद दिले. ‘विक्रमाङ्कदेवचरित’ या त्याच्या काव्याच्या अठराव्या सर्गात ही भटकंती त्याने स्वतःच सांगितली आहे. आजच्या भाषेत बोलायचे तर तो मुक्त लेखकच होता. त्याच राजाच्या काळी येथे विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली आणि इंग्रजी अमदानीतील न्यायालयेही वारसाहक्काच्या निवाड्यांत तिचा आधार घेत राहिली. अवघड विषय नेमक्या शब्दांत उलगडून सांगणे हेही लेखनच आहे आणि त्याची गरज कधी संपत नाही, हे यावरून ध्यानी यावे.

पण बिल्हणाच्या वाट्यास जे आले त्यात एक उणेही होते. त्याचा वाचक एकच, आणि तो सिंहासनावर बसलेला. आश्रयदात्याची स्तुती करणे हा त्याच्या व्यवसायाचा भाग होता. त्यानंतर थोड्याच काळाने याच कल्याणात बसवण्णांनी आणि शरणांनी दुसरा मार्ग दाखविला, तो कायकाचा. अंबिगर चौडय्या नावाडी होते, नुलिय चंदय्या दोर वळीत. ही मंडळी स्वतःच्या कष्टावर जगत आणि म्हणूनच कोणाची भीड न बाळगता बोलत. वचनांतील निर्भयता ही त्या स्वावलंबनातून आलेली आहे.

आयदक्की लक्कम्मांची कथा आपल्या भागात लहानथोरांना ठाऊक आहे. सांडलेले तांदूळ वेचून आणणे हे तिच्या पतीचे, मारय्यांचे, कायक. एके दिवशी त्यांनी गरजेपेक्षा अधिक तांदूळ आणले, तेव्हा ‘हे आपले नव्हेत, परत टाकून या’ असे तिने सांगितले. लेखनकलेचा याहून चांगला धडा मला कोठे मिळालेला नाही. पहिल्या खर्ड्यात आपण नेहमीच जास्तीचे तांदूळ आणतो. विशेषणे, सुभाषिते, कोणीही न मागितलेली प्रस्तावना! दुसऱ्या दिवशी शांत चित्ताने बसून ते परत टाकून यावे लागते.

गुरुजींची पद्धत याहून कडक होती. निबंध लिहून झाला की ते म्हणत, “जा, आता घरी आजीला वाचून दाखव. ती जिथे जांभई देईल तिथे खूण कर.” माझी आजी निरक्षर, घरात निम्मे कानडी, निम्मे मराठी बोलणारी. तिच्या जांभयांनी माझी वही लाल झाली. आजही लिहिलेले मोठ्याने वाचल्यावाचून मी ते टपालात टाकीत नाही.

कसब वाढते ते नियमाने. दासोपंत रोज ढब्बू पैशाची शाई संपवीत, अशी आख्यायिका आहे. ग. दि. माडगूळकरांचे ‘गीतरामायण’ १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवरून आठवड्यामागून आठवडे प्रसारित झाले. एकूण छप्पन्न गीते. सुधीर फडक्यांची चाल आणि प्रक्षेपणाची वेळ ही दोन्ही कवीची वाट पाहात असत. तरीही जे निर्माण झाले ते घाईचे वाटत नाही. मुदत ही प्रतिभेची वैरीण नव्हे, हे त्यातून शिकावे.

आता व्यवसायाकडे वळतो. आपल्या भागात तूर पेरणारा शेतकरी पंचांग आणि आभाळ पाहतो. मराठी लेखकाचेही एक पंचांग आहे. १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक निघाला आणि तेव्हापासून दिवाळी हा आपला सुगीचा हंगाम ठरला. पण दिवाळीचे पीक दसऱ्यास पेरून येत नाही. संपादकांशी पत्रव्यवहार उन्हाळ्यात आणि हस्तलिखित पावसाळ्यात, असा क्रम ठेवावा. शिवाय एकाच पिकावर विसंबू नये. कथेबरोबर लेख, नभोवाणीची श्रुतिका, अनुवाद, संपादन अशी मिश्र शेती करावी.

अनुवाद हा शब्द मी मुद्दाम उच्चारला. दोन भाषांत वाढणे हे आपण सीमेवरचे लोक ओझे मानतो; वस्तुतः ते भांडवल आहे. उमा कुलकर्णी यांनी भैरप्पांच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या. त्यांचे पती विरूपाक्ष कानडी मजकूर वाचून ध्वनिमुद्रित करीत आणि त्या तो ऐकून मराठीत लिहीत. ‘वंशवृक्ष’च्या अनुवादास साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. येथे बसलेल्या किती मुलांच्या कानांवर दोन्ही भाषा जन्मापासून पडत आहेत!

यानंतरची गोष्ट सांगताना मला संकोच होतो. माझ्या पहिल्या कथेचे पंचवीस रुपये मनिऑर्डरने आले, तेव्हा गुरुजी म्हणाले, “पोस्टमनला चहा दे आणि हा आकडा वहीत लिही.” जमाखर्चाची ती वही मी इमानाने ठेवली. पण पहिली कादंबरी स्वीकारली गेली, त्या आनंदात प्रकाशकाने पाठविलेल्या छापील कागदावर न वाचताच सही केली. सर्व हक्क कायमचे देत असल्याचे त्यात लिहिले होते. पुस्तकाच्या आणखी तीन आवृत्त्या निघाल्या. मला पहिल्या रकमेपलीकडे काही मिळाले नाही. तो कागद घेऊन मी गुरुजींकडे आलो. त्यांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, “अरे, कथेतला एक शब्द अडला तर तू चार रात्री झोपत नाहीस. मग हा कागद वाचायला तुला वेळ नव्हता?”

मित्रहो, ती कादंबरी मी गुरुजींना अर्पण केली होती. या व्याख्यानमालेच्या निमित्ताने ती पुन्हा छापून प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती द्यावी, असे फार मनात होते. आज ती बाजारात मिळत नाही आणि छापण्याचा अधिकार माझ्याकडे नाही.

म्हणून तरुण मित्रांना सांगतो, १९५७ चा कॉपीराइट कायदा वाचा. हक्क देणे लेखी असावे लागते; कोणते हक्क, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशापुरते आणि कोणत्या मोबदल्यात, हे त्यात नमूद व्हावे लागते. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता, असे कायदा मानतो. लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षे त्या लेखनाचा स्वामित्वहक्क टिकतो. अर्थात तो तुमच्या मुलाबाळांचाही घास आहे. अण्णा भाऊ साठे यांच्या ‘फकिरा’स १९६१ साली राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला, पण १९६९ मध्ये ते गेले ते दारिद्र्यातच. कीर्ती आणि भाकरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोबदला विचारण्यात कमीपणा नाही. दोर वळणारा दोराची किंमत सांगतो, तशी आपणही सांगावी.

मात्र किंमत सांगण्यापूर्वी दोर पक्का वळलेला असावा. साधना आणि व्यवहार यांचा मेळ तो एवढाच.

गुरुजी आज असते, तर या भाषणातले जास्तीचे तांदूळ त्यांनी नक्कीच काढून टाकले असते. ते काम आता आपल्यावर सोपवितो.