लाटेआधी पोहोचलेला निरोप



२६ डिसेंबर २००४ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी साडेसहाच्या सुमारास सुमात्राजवळ समुद्रतळ हादरला. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर लाट आदळली ती सुमारे दोन तासांनी. किनारा सोडून आत जाण्यास एवढा अवधी पुष्कळ होता. निरोपच आला नाही. भारतात दहा हजारांहून अधिक माणसे गेली.

पुदुच्चेरीजवळचे नल्लवाडू हे मच्छीमारांचे गाव मात्र वाचले. सिंगापूरला नोकरीस असलेल्या तेथील एका तरुणाने बातमी ऐकून घरी फोन लावला. पाणी आत येऊ लागल्याचे बहिणीने सांगताच, घर सोडा आणि गावाला सावध करा, असे त्याने बजावले. गावात स्वामीनाथन संशोधन प्रतिष्ठानच्या माहिती केंद्राचा ध्वनिक्षेपक होता; एरवी त्यावरून समुद्राच्या लाटांची माहिती देत. लोकांनी केंद्राचे दार फोडून त्यावरून हाकाटी केली. साडेतीन हजारांहून अधिक वस्तीचे गाव. घरे गेली, होड्या गेल्या, जीव एकही गेला नाही. गाव वाचविणारा तो आपल्यासारखाच पोटासाठी परदेशी गेलेला माणूस होता, म्हणून हे येथे सांगतो आहे.

२००७ पासून हैदराबादेत सुनामी इशारा केंद्र आहे. काही मिनिटांत इशारा जिल्ह्यापर्यंत जातो. तेथून झोपडीपर्यंत तो कोण नेणार? कर्णा लागतो चावडीवर, देवळावर. आपली वस्ती गावाबाहेर! २००४ नंतर नागपट्टिणम जिल्ह्यातील मदत छावण्यांतही दलितांना वेगळे काढल्याच्या तक्रारी झाल्या. होडीचा मालक आपद्ग्रस्त ठरला, किनाऱ्यावर राबणारा मजूर कित्येक ठिकाणी यादीबाहेर राहिला. मदत जेथे जात पाहून थांबते, तेथे इशारा थांबणार नाही असे मी कसे मानू?

आपल्यातील अनेकांची घरे रत्नागिरी, रायगडात आहेत. नोव्हेंबर १९४५ मधील मकरान किनाऱ्याच्या भूकंपानंतर लाटा मुंबईपर्यंत आल्या होत्या. तेव्हा घरी फोन कराल त्या वेळी ख्यालीखुशालीबरोबर एवढे विचारा : ग्रामपंचायतीचा कर्णा बौद्धवाडीत ऐकू येतो का? उंचावरची शाळा कोणती, आणि रात्री तिची किल्ली कोणाकडे असते? अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीला कोण उचलणार? जोराचा भूकंप जाणवला किंवा समुद्र एकाएकी मागे हटला, तर निरोपाची वाट न पाहता चढण धरायची, हे मुलांना ठाऊक आहे का?

आमच्या वाडीत कर्णा ऐकू येत नाही, असे गेल्या रविवारी धाकट्या भावाने सांगितले. विहाराच्या छपरावर बॅटरीवर चालणारा वेगळा कर्णा बसवावा, असा आमचा विचार आहे. ज्यांना आपल्या वाडीची स्थिती नोंदवावयाची असेल, त्यांनी सभा संपल्यावर दाराजवळच्या वहीत गावाचे नाव लिहावे.